एकवीस वेळा पाणी बंद

आमच्या ऑफिसचं दार कायम उघडं असायचं, कारण त्याची कडी मोडली होती आणि ती दुरुस्त करायचा विषय दर दिवाळीला निघून तसाच मिटायचा. त्या उघड्या दारात अण्णा रोज सकाळी नऊला पाच मिनिटं कमी असताना येऊन उभे राहत आणि विचारत, "आत यायचं काय?" बारा वर्षं ते तिथं नोकरी करत होते. तरी कुणीतरी 'या' म्हटल्याशिवाय त्यांचा पाय उंबऱ्याच्या आत पडत नसे. मालकांच्या मुलीच्या साखरपुड्याला म्हणे ते मांडवाच्या तोंडाशी पाऊण तास उभे होते. स्वागताची मंडळी नुसतंच गुलाबपाणी शिंपडत होती, 'या' कुणीच म्हणत नव्हतं. शेवटी पाणी भरायला बाहेर आलेल्या आचाऱ्यानं "उभं का पावणं, या की" म्हटलं आणि अण्णा आत शिरले ते थेट पंगतीत जाऊन बसले.

पहिल्या दिवशी हे दृश्य बघून मी ठरवलं की हा माणूस एक तर अतिशय सभ्य आहे, नाहीतर त्याचं थोडं सरकलेलं आहे. सहा महिन्यांनी कळलं की दोन्ही खरं.

आमची कंपनी म्हणजे आठ माणसं, दोन टेबलं भरून तारा आणि एक मालक. फाउंड्रीतल्या, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यातल्या भट्ट्यांवर लक्ष ठेवणारे कंट्रोलर आम्ही बनवायचो. डबा बाहेरून साधाच, आत एक छोटा संगणक. त्या संगणकाला भट्टीच्या यंत्रांशी बोलायला शिकवायचं काम अण्णांचं, आणि त्यांच्या हाताखाली नवीन लागलेली मी. मी कागलजवळच्या शेतकरी घरातली, इंजिनिअरिंगला पहिल्या वर्गात पास झालेली आणि तोंडानं फटकळ. अण्णा हुपरीकडच्या जैन घरातले. घरचा ऊस, घरची भुईमुगाची रानं, आणि या सगळ्यातून उठून ते संगणकाच्या पोटात कसे शिरले हे त्यांनी कधी सांगितलं नाही. विचारलं की म्हणायचे, "वाट दिसली, विचारलं, 'या' म्हणाले."

संगणकाच्या पोटात कर्नल नावाचा एक कारभारी असतो. वरचे सगळे प्रोग्राम त्याला विचारून हालतात, आणि यंत्रातल्या चिपांशी बोलणंही त्याच्यामार्फतच होतं. चिपच्या आत माहितीचे खण असतात. एकात तापमान, दुसऱ्यात पाण्याचा प्रवाह, तिसऱ्यात धोक्याचा इशारा. कुठला खण कुठल्या पत्त्यावर आहे हे चिपच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं. कॉलेजातून आलेल्या माणसाला वाटतं, पत्ता मिळाला, झालं काम. पण तो पत्ता घेऊन थेट गेलात तर सगळा कारभार तिथल्या तिथं कोसळतो. अण्णांच्या भाषेत, "कर्नल कळंब्याला धाडतो." कळंब्याला तळंही आहे आणि तुरुंगही आहे. अण्णांच्या बोलण्यात तळं कधी नसायचं.

खरी रीत दोन पायऱ्यांची. आधी कर्नलकडं नोंद करायची की अमुक पत्त्यापासून तमुक पत्त्यापर्यंतचे खण मी वापरणार आहे. तिथं आधीच दुसऱ्या कुणाची नोंद असेल तर कर्नल नाही म्हणतो. नोंद झाली की मग वाट मागायची. कर्नल त्या खणांपाशी पोचायला आपल्यापुरता एक वेगळा पत्ता काढून देतो, त्यालाच मॅपिंग म्हणतात. आता यातली मेख अशी की नोंद नसली तरी कर्नल वाट देतो. नोंद ही निव्वळ रीतभात, न पाळणाऱ्याचा हात धरायला तिथं कोणी उभं नसतं. आणि दुसरी मेख म्हणजे, तुम्ही चारच खण मागितले तरी वाट मिळते ती अख्ख्या पट्ट्याची. शेजाऱ्याचे खणही त्याच वाटेवर उघडे पडलेले असतात.

हे सगळं अण्णांनी मला एका वाक्यात सांगितलं होतं. "वाट शेजाऱ्याच्या बांधावरनं जाती म्हणून त्येचा ऊस मोडून खायचा न्हाय."

त्यांच्या टेबलामागच्या भिंतीवर आलेखाचे कागद जोडून केलेला एक मोठा नकाशा होता. पाहुण्यांना वाटायचं, कुठल्या तरी गावाचा आहे. प्रत्यक्षात तो आमच्या चिपच्या पत्त्यांचा होता. पट्टे, बांध, आणि प्रत्येक पट्ट्यात पेन्सिलीनं वापरणाऱ्याचं नाव. खोडरबर त्यांच्या खिशात असे, दुसऱ्या कुणाला नकाशावर काही लिहायची मुभा नव्हती. काम संपलं की घेतलेली वाट कर्नलला परत करायची असते, आणि शेवटी घेतलेलं आधी सोडायचं असतं. अण्णा हा नियम चहाच्या टपरीवरही पाळायचे. आधी बशी परत, मग कप, मग बाकड्यावरची जागा. टपरीवाला त्यांना वैतागलेला होता.

माझ्यावरचा त्यांचा मुख्य राग छापण्यावरून होता. आपला प्रोग्राम आत काय करतोय हे कळावं म्हणून मी सतत पडद्यावर ओळी छापत असे. अण्णा मागं येऊन थांबत, चष्मा वर करत आणि म्हणत, "गगनबावड्याचा पाऊस लावलायसा काय?" मी म्हणे, दिसायला नको का आत काय चाललंय. त्यावर ते म्हणाले होते, "बघणं फुकट असतंय असं कुणी सांगितलं तुम्हांस्नी?" मला ते नुसतं टाकलेलं वाक्य वाटलं. अण्णा अशी वाक्यं टाकत असत, आणि आम्ही पोरं-पोरी मागं त्यांच्या नकला करत असू.

अण्णांच्या नकलेत सगळ्यात सोपी होती ती जेवणाची. दिवस मावळायच्या आत ते जेवत, म्हणजे संध्याकाळी साडेपाचला डबा उघडणार म्हणजे उघडणार. पाणी घरचं, गाळलेलं, तांब्याच्या फिरकीच्या भांड्यात. आणि जेवताना मौन. डब्याचं झाकण निघाल्यापासून शेवटचा घोट घशाखाली जाईपर्यंत तोंडातून शब्द नाही, मानेनं हो-नाही सुद्धा नाही. आमच्या ऑफिसात याचा एक वेगळाच उपयोग होत असे. अण्णांना जी गोष्ट सांगायची कुणाची छाती होत नसे, ती साडेपाचला सांगितली जाई. डिलिव्हरी आठ दिवस आधी द्यायची आहे, हे मालक अण्णांचा पहिला घास तोंडात गेला की सांगत आणि दुसरा जायच्या आत स्कूटर चालू करत. अण्णा जेवत राहत. जेवण झाल्यावर रिकाम्या खुर्चीकडं बघून एकदाच म्हणत, "ब्येस."

माझंच बघा, मीही तेच केलं. पण ते पुढं.

त्या वर्षी श्रावणात मला पहिल्यांदा स्वतंत्र काम मिळालं. शहराबाहेरच्या एका फाउंड्रीतल्या भट्टीच्या कंट्रोलरवर तापमान दाखवायचं. ही भट्टी विजेवर चालणारी. तांब्याच्या पोकळ नळीचे वेढे, त्यांच्या मधोमध वितळलेलं लोखंड, आणि नळीतून अखंड फिरणारं थंड पाणी. ते पाणी थांबलं तर नळी जळते, आणि नळीतलं उरलेलं पाणी वितळलेल्या लोखंडाला भेटलं तर भट्टी फुटते. म्हणून प्रवाह कमी झाला की भोंगा वाजून वीज तुटावी अशी सोय त्याच डब्यात होती. ती अण्णांनी लिहिलेली. चिप तीच, पट्टा तोच, त्यांचे खण माझ्या खणांना लागून.

मी नोंद करायला गेले आणि कर्नल नाही म्हणाला. तिथं आधीच कुणीतरी आहे, म्हणाला. मी दोन तास डोकं खाजवलं. अण्णांना विचारायचं तर ते नकाशा दाखवणार, उसाची गोष्ट सांगणार, अर्धा दिवस जाणार. मग मी नोंदीची ओळच काढून टाकली आणि सरळ वाट मागितली. मिळाली. तापमान पडद्यावर आलं. मला इतका आनंद झाला की मी पट्ट्यातले सगळेच खण दर पाच सेकंदाला वाचून छापायची सोय ठेवली, पुढं कधी बिघाड झाला तर कामाला येईल म्हणून. काढलेल्या ओळीबद्दल मी कुणाला बोलले नाही. खरं सांगायचं तर मी ती स्वतःपासूनही लपवली.

भाद्रपदात जैनांच्या पर्युषण पर्वाच्या दहा दिवसांसाठी अण्णा गावाकडं गेले. जाताना त्यांनी बजावलं होतं की नवीन डबा बसवला की भट्टी थंड असताना पाणी एकवीस वेळा बंद करायचं, आणि एकवीस वेळा भोंगा ऐकायचा. हा त्यांचा जुना हट्ट. एकवीसच का, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, "बारा सांगितलं की तुम्ही चारावर थांबणार. एकवीस सांगितलं की आठ तरी व्हतील की." मी त्यांचा अंदाजही खोटा ठरवला. फाउंड्रीत घाई होती, मालक फोनवर फोन करत होते, मी तीन वेळा पाणी बंद केलं, तिन्ही वेळा भोंगा ठणठणीत वाजला आणि मी सही करून परत आले.

अण्णा परत आले त्या दिवशी दारातून आत बोलावून घेतल्यावर त्यांचा पहिला प्रश्न तोच होता. मी तीन म्हटलं. त्यांनी नकाशाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि मालकांना सांगितलं की उद्या भट्टीची सुटी आहे, आम्ही जाऊन येतो. मालक म्हणाले, आठ दिवस झाले डबा झकास चाललाय, गिऱ्हाईक खूष आहे, कशाला खाजवून खरूज काढायची. अण्णा म्हणाले, "खरूज हाय काय न्हाय एवढंच बघून येतो."

भट्टीवर बापू होते. साठीला आलेले, पंचवीस वर्षं भट्टीसमोर उभं राहून तोंडाचा रंग तांब्यासारखा झालेले. सुटीचा दिवस असून आम्ही येणार म्हणून ते मुद्दाम आलेले. अण्णांनी गेटवर विचारलं, "आत यायचं काय?" बापूंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "मग काय दारातनंच भट्टी बघतासा व्हय?"

मी व्हॉल्व्ह फिरवायचा, भोंगा वाजला की बापूंनी खडूनं भिंतीवर रेघ मारायची, अण्णांनी नुसतं उभं राहायचं. एक, दोन, तीन. पाच झाल्यावर मला कंटाळा आला. आठ झाल्यावर माझा हात दुखायला लागला आणि मी मनातल्या मनात अण्णांच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. नवव्या वेळी मी पाणी बंद केलं आणि भोंगा वाजला नाही.

बापूंचा खडू हवेत राहिला. आम्ही तिघं त्या डब्याकडं बघत होतो. काट्यावर प्रवाह शून्य, आणि डबा गप्प. तार सैल असेल, मी म्हटलं. तारा तपासल्या, घट्ट होत्या. भोंगा खराब असेल, मी म्हटलं. भोंगा काढून वेगळा वाजवला, वाजला. पुन्हा पाणी सुरू करून बंद केलं, तर डब्यानंही वाजवला. असं करत दुपार सरली. तारेचं नाव घेतानाच मला ती काढून टाकलेली ओळ दिसत होती.

साडेपाच वाजले. अण्णांनी हात धुतले, वाळूच्या ढिगाशेजारी स्वच्छ जागा बघून बसले आणि जेवणाचा डबा उघडला. त्यांचा पहिला घास गेला आणि मी बोलायला सुरुवात केली. नोंद करायला गेले ते, कर्नल नाही म्हणाला ते, ओळ काढली ते, अख्खा पट्टा दर पाच सेकंदाला वाचते ते. बोलता बोलताच मला उलगडत गेलं. इशाऱ्याचा तो खण असा होता की त्यात पाहिलं की तो रिकामा होतो. प्रवाह तुटला की चिप तिथं एकदाच चिठ्ठी टाकते. अण्णांचा प्रोग्राम अर्ध्या सेकंदानं येऊन ती उचलतो आणि भोंगा वाजवतो. पण त्याच्या आधी माझी छापणारी फेरी तिथून गेली, तर चिठ्ठी मी उचलायची, पडद्यावर एक ओळ छापायची आणि पुढं जायचं. भोंग्याला काही कळायचंच नाही. दहातल्या नऊ वेळा चिठ्ठी अण्णांच्या हाती लागत होती. तीन वेळा बघणाऱ्याला त्यात काय दिसणार. "बघणं फुकट असतंय असं कुणी सांगितलं" याचा अर्थ मला तिथं, वाळूच्या ढिगापाशी कळला.

अण्णा जेवत होते. भाकरीचा एकेक तुकडा, आमटी, पुन्हा तुकडा. रागवणाऱ्या माणसापुढं कबुली देणं सोपं असतं, तो बोलतो आणि आपण ऐकून सुटतो. इथं मी बोलून संपले तरी अर्धी भाकरी शिल्लक होती. मला मालकांसारखं स्कूटर चालू करून पळावंसं वाटलं, पण गाडी अण्णांची होती.

बोलले ते बापूंनी. त्यांना कर्नल कळला नसेल, पण भोंगा दहातून एकदा मुका असतो एवढं नीट कळलं होतं.

"मंगळवारी पाणी बारीक झालंतं," ते म्हणाले. "भट्टी भरल्याली. भोंगा काय वाजला न्हाय."

मी वाळूवरच बसले. कसंबसं विचारलं, मग काय केलंत?

"काय करणार. परतीचं पाणी त्या नरसाळ्यात पडतंय बघा, धारंवर माझा डोळा असतोय. धार बारीक झाली, म्या मेन स्विच ओढला. पंपाच्या जाळीत चिंधी अडकलीती." मग डब्याकडं हनुवटीनं खूण करून म्हणाले, "त्या डब्ब्यावर माझा भरवसा कवाच नव्हता."

तो क्षण मला अजून जसाच्या तसा आठवतो. एखादा माणूस माझ्यावर भरवसा ठेवत नव्हता याचा इतका आनंद मला आयुष्यात त्याआधी झाला नव्हता आणि नंतरही नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्याच वेळी मी हसत होते. बापू अण्णांना म्हणाले, पोरीला ऊन लागलं काय बघा.

अण्णांनी शेवटचा घोट घेतला. डबा धुतला. फिरकी बंद केली. मग माझ्याकडं वळले.

"कर्नल न्हाय म्हणालाता?"

"हो."

"न्हाय म्हणणारं कोण तरी हाय ह्ये केवढं नशीब. त्येचंच तोंड बंद केलासा व्हय?"

एवढंच. पुन्हा कधी त्यांनी तो विषय काढला नाही, मालकांपाशीही नाही. लॅपटॉप माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "अक्का, लिवा." तोवर मी 'पावणं' होते. नवीन माणसाला ते पावणंच म्हणत, त्याची मुदत कधी संपायची हे कुणाला ठाऊक नसे.

मी छापायची सगळी फेरी काढून टाकली. नोंदीची ओळ परत घातली, आणि या वेळी माझ्या कामाचे तेवढे चारच खण मागितले. कर्नल एका झटक्यात हो म्हणाला. त्यानं मला पहिल्यांदा नाही म्हटलं होतं ते मी अण्णांच्या खणांसकट अख्खा पट्टा मागितला म्हणून. माझ्यापुरतं मागितलं असतं तर तेव्हाही तो हो म्हणाला असता. दोन तास डोकं खाजवून मला हे सुचलं नव्हतं.

अण्णांनी गेल्या वर्षी नोकरी सोडली. निघायच्या दिवशी आधी लॅपटॉप परत केला, मग किल्ल्या, मग खुर्ची आत सारली, आणि भिंतीवरच्या नकाशातून स्वतःचं नाव खोडून खोडरबर माझ्या टेबलावर ठेवलं. आता ते गावाकडं ऊस बघतात. फोन केला की उचलून आधी विचारतात, "बोलायचं काय?" आमच्याकडं नवीन आलेली मुलं माझ्या पाठीमागं माझ्याही नकला करतात, आणि तीनवर थांबून आलेल्या एकाला मी परवाच पुन्हा पाठवलं. पण अण्णा म्हटलं की मला ती फाउंड्रीतली संध्याकाळच आठवते.

प्रोग्राम डब्यात भरून आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. बापूंनी जुन्या रेघा पुसून भिंत कोरी केली. या वेळी मला कंटाळा आला नाही. प्रत्येक भोंग्याला मी श्वास सोडत होते आणि व्हॉल्व्ह फिरवताना पुन्हा धरत होते. नववा वाजला, दहावा वाजला. पंधराव्यानंतर बापू म्हणाले, आता पुरं की, पाणी बी दमलं. अण्णांनी नाही म्हणून मान हलवली. सतरा, अठरा. बाहेर दिवे लागले होते. एकविसाव्या वेळी मी चाक फिरवलं, भोंगा कानठळ्या बसवत वाजला, आणि बापूंनी शेवटची रेघ मारून खडू खिशात टाकला.

अण्णा त्यांच्याजवळ गेले. "आता बसला का भरवसा?"

बापूंनी डब्याकडं पाहिलं, भिंतीवरच्या एकवीस रेघांकडं पाहिलं, आणि नरसाळ्यात पडणाऱ्या धारेकडं डोळा लावून म्हणाले, "न्हाय."

"ब्येस," अण्णा म्हणाले. "बसू देऊ नगासा."